कॅसेटची दुसरी बाजू आणि बोरीचा येसर

‘तुमच्या ऑनलाइन बिझनेस स्कूलचा प्रवास लिहा,’ असं संपादकांनी फोनवर सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं. बोलायला किंवा लिहायला बोलावलं की नाही म्हणायचं मला कधी जमलेलं नाही. नंतर कागद पुढे ओढला तर प्रवास म्हणावं असं काही सापडेना. मी घरातल्या एका खोलीत कॅमेऱ्यासमोर बसते. समोर पडद्यावर काळ्या चौकटी असतात, त्यांच्या मागे विद्यार्थी आहेत असं मी धरून चालते. कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होते आणि कोणीतरी ‘मॅडम, आवाज तुटतोय’ असं कळवतं. एवढंच.

मुलाखत घ्यायला येणारी तरुण पोरं मात्र विचारतात, ‘मॅडम, ही दूरस्थ शिक्षणाची कल्पना तुम्हाला परदेशात सुचली का?’ मी आजवर परदेशी गेलेले नाही. कल्पना परभणीत सुचली, स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत, रफीकभाईंच्या साउंड सर्व्हिसच्या दुकानात. तेव्हा इंटरनेट नव्हतं. एसटी होती, आणि ती आजच्या नेटपेक्षा फार वाईट चालत नव्हती.

मी परभणीच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवत होते. आमच्या पाठ्यपुस्तकातला व्यापारी कायम मुंबईत राहायचा आणि दर दोन प्रकरणांआड त्याचं जहाज बुडायचं. समोर बसलेल्या पोरांनी येलदरीच्या धरणापलीकडे पाणी पाहिलेलं नसायचं, तरी ती इमानेइतबारे सागरी विम्यावर उत्तरं लिहायची आणि पास व्हायची. गावात जे खरोखर दुकान चालवत होते, त्यांना शिकायचं होतं, पण कॉलेजात यायचं तर दुकान बंद ठेवावं लागायचं. मला वाटलं, त्यांना यायला जमत नसेल तर धडाच त्यांच्याकडे जाऊ दे.

म्हणून मी धडे कॅसेटवर बोलायला लागले. रफीकभाई त्यांच्या प्रती काढून द्यायचे आणि ओळखीचे ड्रायव्हर-कंडक्टर त्या जिंतूर, पूर्णा, सेलूच्या गाड्यांतून गावोगाव पोचवायचे. देवगाव फाट्यावरच्या हॉटेलात तर कॅसेटींचा एक डबाच ठेवलेला होता, ज्याने त्याने आपली उचलायची. एका बाजूला माझा धडा असायचा. दुसरी बाजू कोरी, तिच्यावर विद्यार्थ्याने आपला गृहपाठ बोलायचा आणि परतीच्या गाडीने पाठवायचा. आमचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. घरात रेकॉर्डिंग चालू असताना त्यांना खोकायची बंदी होती, याचं दुःख त्यांनी निवृत्त होईपर्यंत जपलं. एका धड्यात आमच्या कुकरच्या शिट्ट्या आल्या होत्या. शिट्टी झाली की टेप थांबवून विचार करायचा असा नियम असेल, असं समजून सगळ्या तालुक्यांतल्या विद्यार्थ्यांनी तिथे टेप थांबवून विचार केला. त्या धड्याचे गृहपाठ सगळ्यांत चांगले आले.

पहिल्या धड्यात मी ठासून सांगितलं होतं की गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की हसून स्वागत करा, आणि ‘या, आज काय घेऊन जाताय?’ असं विचारा. ताडकळसच्या ज्ञानोबांनी ते मनावर घेतलं. पुढे मी तिकडे गेले तेव्हा ते जरा रागातच होते.

‘बाई, तुमच्या पायी मार खायची पाळी आली व्हती.’

‘का? हसला नाहीत का?’

‘हसलो ना. त्याच्यामुळंच तर.’

मग कळलं की त्यांचं दुकान मयताच्या सामानाचं होतं. कापड, बांबू, मडकं, गुलाल. बाप गेलेला माणूस पायरी चढला आणि ज्ञानोबांनी तोंडभर हसून त्याला विचारलं, आज काय घेऊन जाताय. मी त्यांना म्हटलं, प्रवेश घेताना धंदा कोणता ते सांगायचं होतं. ते म्हणाले, ‘तुमी इचारलंच न्हाई. तुमचाच धडा हाय ना, आधी गिऱ्हाईकाला इचारा म्हणून?’ तेव्हापासून मी नवीन विद्यार्थ्याला पहिला प्रश्न धंद्याचा विचारते. आमच्या ऑनलाइन अर्जातही तो सगळ्यांत वर आहे आणि तिथे का आहे ते आमच्या तंत्रज्ञ मुलांना ठाऊक नाही.

पण मला लिहायचं आहे ते बोरीच्या सुमन खिल्लारेबद्दल.

सुमन येसर करायची. मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगते: डाळ, गहू, बाजरी वेगवेगळी भाजायची, त्यात मसाला भाजून घालायचा आणि सगळं दळायचं, तो येसर. पाण्यात कालवून फोडणीत उकळला की आमटी होते. आमच्याकडे लग्न म्हटलं की येसराची आमटी आलीच. मुहूर्तापुरता येसर बायका घरी कुटतात, पंगतीसाठी मात्र पुष्कळ लागतो. बोरीत तो गंगाधरशेठच्या किराणा दुकानातून जायचा. शेठ सांगायचे, माल जिंतूरहून येतो. माल येत होता दुकानाच्या मागच्या दाराने, सुमनच्या घरून.

सुमन बौद्ध. घर भीमनगरात, नवरा शेतात सालाने कामाला. तिच्या हातचा येसर अख्खं गाव खात होतं आणि तो कोणाच्या हातचा हे कोणालाही माहीत नव्हतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, फक्त कोणी तसं बोलत नव्हतं. दिवस कसले होते ते वाचकांना आठवत असेल. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून मराठवाडा पेटून निघाला होता. अठ्ठ्याहत्तर साली सुमनच्या माहेरच्या वस्तीवर दगड आले, गंजी जळाल्या, तिचे आईवडील कित्येक दिवस पाहुण्यांकडे राहिले. नाव या गोष्टीची भीती तिला माझ्याहून कितीतरी जास्त होती, आणि नावाची ओढही.

तिच्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता. भीमनगरच्या विहारात जयंतीच्या गाण्यांसाठी आणलेला होता, त्याच्यावर ती धडे ऐकायची. विहारात एकटीने ऐकणं शक्यच नव्हतं. आसपासच्या बायका जमायच्या, त्यामुळे फी एकीची आणि वर्ग डझनभर बायकांचा, असं माझं बोरी केंद्र होतं. सुमन गृहपाठ बोलायला लागली की मागून सगळ्या मदत करायच्या.

चौथ्या धड्यात मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मालावर करणाऱ्याचं नाव पाहिजे, बिननावाचा माल कायम दुसऱ्याच्या मेहेरबानीवर विकला जातो. दुसरी, तुमचं गिऱ्हाईक कोण आहे ते मला नीट सांगा. सुमनने दुसऱ्या बाजूवर नीट सांगितलं.

ती कॅसेट मात्र माझ्याकडे यायच्या आधी सगळ्या बोरीने ऐकली.

गावातल्या पाटलांच्या मुलीचं लग्न होतं. पाटील शांत गृहस्थ, घर चालायचं ते सरूबाईंच्या, म्हणजे पाटलीणबाईंच्या हुकमाने. लाउडस्पीकर लावायला परभणीहून रफीकभाई आदल्या दिवशीच गेले होते. ते आलेच आहेत म्हणून सुमनने कॅसेट एसटीत न देता त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती लग्नाच्या गाण्यांच्या आपल्या कॅसेटींत ठेवली. आणि पुढचं ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर बसून मला सांगत होते. चहा पुढे ठेवला होता, पण हात लावत नव्हते.

‘बाई, गलती मेरी है. मशीन चालू किया, टेस्टिंगसाठी कॅसेट टाकली, अन् कर्णा बांधायला लिंबाच्या झाडावर चढलो. वर पोचलो तर सनई नाही, बाई बोलायली.’

‘कोण बाई?’

‘सुमन. म्हणायली, बाई, माझं गिऱ्हाईक सांगते. गंगाधरशेठ घेतेत अन् जिंतूरचा म्हणून इकतेत. सोनार घेतेत. हेडमास्तर घेतेत. मागून बायका बोलायल्या, अगं देशपांड्याचं ऱ्हायलं, अगं पोलीस पाटलाचं ऱ्हायलं. सगळ्या गावाची घरं मोजली, बाई.’

‘मग बंद का नाही केलं?’

‘झाडपर था ना मैं. एका हातात कर्णा, एका हातात फांदी. उतरू कसा? वरून ओरडायलो, बंद करो, बंद करो. खाली लोक कायला बंद करतेत? त्यांची घरं यायची होती ना अजून. अन् मग ते आलं.’

‘काय आलं?’

‘अन् उद्याच्याला पाटलाकडं लग्न हाय, त्या पंगतीचा येसर माझ्याच हातचा गेलाय.’

मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. सुमनच्या माहेरी काय झालं होतं ते मला माहीत होतं, आणि इथे तर लग्नघर होतं, शेकडो पाहुणे होते, आणि आमटी चुलीवर चढलेली होती.

‘मग?’ मी विचारलं.

मग मांडवात गलका झाला. वरपक्षाकडचे एक काका उभे राहिले आणि हे काय ऐकतो आहोत आम्ही, असं विचारायला लागले. पाटील इकडेतिकडे बघायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकाच्या बाजूने सरूबाई हातात पळी घेऊन आल्या. त्यांनी वराकडच्या काकांना विचारलं, साखरपुड्याला आमटी तीन वेळा कोणी मागून घेतली होती? काका म्हणाले, ती गोष्ट वेगळी. ‘वेगळी कायची? येसर त्योच हाय. आमटी उकळायलीय. बसायचं त्यांनी बसा, न्हाई त्यांनी पाणी पिऊन जा. पोरीचा मुहूर्त कुणासाठी थांबायला न्हाई.’

काही जण उठून गेले, कोणाला अचानक गाडीची वेळ आठवली. बाकीचे जेवले. रफीकभाईंच्या मते सगळ्यांच घरांची नावं कर्ण्यावर निघाल्यामुळे एकमेकांकडे बोट दाखवायला गावात कोणी शिल्लकच राहिलं नव्हतं.

मी त्याच दिवशी जिंतूर गाडीने बोरीला गेले. सुमन घरात भाजणीची डाळ निवडत बसली होती. डोळे सुजलेले होते, पण हात चालू होता.

‘शेठनी माल बंद केला, बाई,’ ती म्हणाली.

मी तडक दुकानात गेले. गंगाधरशेठ अतिशय गोड माणूस. वाईट बातमीसुद्धा ते गुळाचा खडा हातावर ठेवून सांगायचे.

‘माल चांगला हाय, बाई. मी कुठं न्हाई म्हणलो? पण आता लोक काय म्हणतील?’

‘लोक म्हणजे कोण?’

‘लोक म्हणजे लोक.’

‘लोक कालपर्यंत खातच होते.’

‘कालपर्यंत माहीत नव्हतं.’

‘शेठ, तुम्हाला तर होतं.’

त्यांनी मला गुळाचा आणखी एक खडा दिला.

परत येऊन मी सुमनला मार्ग सुचवला. परभणीत दोन दुकानदार माझे विद्यार्थी होते, येसर त्यांच्याकडे ठेवू. शहरात कोणी विचारणार नाही. हिशेब सरळ होता, पुस्तकातही असाच असतो, जिथे मागणी आहे तिथे माल न्या. सुमनने ऐकून घेतलं.

‘परभणीत खपंल, बाई. तिथं मला कोण वळखतंय? इथं सगळे वळखतेत, म्हणून मला इथं खपवायचाय. अन् आता कर्ण्यावर सांगून झालंच हाय, तर पुडीवर बी लिहू.’

मी तिच्याशी वाद घातला. वाद घालणं हा माझा स्वभाव आहे आणि तो पेशालाही सोयीचा आहे. पण चौथ्या धड्यातलं माझंच वाक्य तिने मला माझ्याच आवाजाच्या चालीत म्हणून दाखवलं, आणि बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. मग मी परभणीच्या छापखान्यातून पिवळ्या कागदाच्या पुड्या छापून दिल्या. वर ठळक अक्षरांत: ‘सुमनबाई खिल्लारे यांचा येसर. भीमनगर, बोरी.’

शेठचं मन मी वळवलं नाही. ते गिऱ्हाइकांनीच वळवलं. जिंतूरचा खरा येसर शेठनी आणून पाहिला, आणि घरोघरच्या सासऱ्यांनी ताटातली वाटी बाजूला सारली. दिवाळीच्या आत शेठचा निरोप आला, पुड्या पाठवून द्या.

पुड्या खपायला लागल्या. मी खूश झाले आणि बघायला गेले. दुकानात एक बाई आली, पिवळी पुडी मागितली, पिशवीतून स्वतःचा डबा काढला, पुडी फोडून येसर डब्यात ओतला, आणि रिकामी पुडी तिथेच फळीवर ठेवून गेली. मग दुसरी आली, तिने तेच केलं. येसर घरात चालत होता, नाव चालत नव्हतं. शेठच्या दुकानात कोपऱ्यात पिवळ्या पुड्यांचा ढीग झाला होता, आणि प्रत्येकीवर सुमनचं नाव होतं. मी अनेक वर्षं मार्केटिंग शिकवलं आहे, पण असलं दृश्य मला कोणत्याही पुस्तकात भेटलेलं नाही. मला फार वाईट वाटलं आणि मी ते सुमनला सांगितलं. ती तेव्हा दुकानाच्या पायरीवर उभी होती. ती कधी आत येत नसे, शेठ कधी ये म्हणत नसत.

सुमनने पायरीवरूनच ढीग नजरेने मोजला. मग म्हणाली, ‘बाई, सहाव्या धड्यात तुमी म्हणल्या व्हत्या ना, गिऱ्हाईकाचं मन बोलण्यानं वळत न्हाई, भावानं वळतंय?’

मी तसं म्हणाले होते. ऐकायला वाक्य छान वाटत होतं म्हणून म्हणाले होते.

पुढच्या बाजाराला सुमनच्या सांगण्यावरून शेठच्या फळीवर खडूने लिहिलेली पाटी लागली. पुडी सोबत नेल्यास एक भाव, पुडी इथे टाकून गेल्यास चार आणे जास्त. शेठ कारण विचारणाऱ्याला साळसूदपणे सांगायचे की कचरा फार होतो, झाडायला माणूस लावावा लागतो. शेठना पाटी मान्य झाली कारण वरच्या चार आण्यांतला अर्धा वाटा त्यांचा होता. त्या बाबतीत त्यांच्या मनात लोक काय म्हणतील हा विचार आला नाही.

पहिल्या बाजाराला बायकांनी नाकं मुरडली आणि चार आणे दिले. दुसऱ्याला एक-दोघींनी पुडी उलटी करून, नाव आत येईल अशी घडी घालून नेली. मग घडी घालायचा कंटाळा आला असावा. सणावाराला येसर जास्त लागतो, चार-चार आणे जमून बरेच होतात, आणि आमच्या मराठवाड्यातल्या बाईला चार आणे सोडायला लावणं हे कोणत्याही परंपरेच्या आवाक्याबाहेरचं काम आहे. पाहता पाहता कोपऱ्यातला ढीग बसला. कोणाच्या फडताळात पिवळी पुडी दिसायला लागली, कोणी तिच्यात सुया-दोरे ठेवले, कोणाच्या पोराच्या पुस्तकाला तिचंच वेष्टन लागलं. हेडमास्तरांच्या वर्गात तो पोरगा सुमनबाईचं नाव पुढे धरून कविता वाचायचा.

एकट्या सरूबाई राहिल्या. लग्नात पळी घेऊन उभ्या राहिलेल्या त्याच. पंगत त्यांनी सांभाळली होती, कारण पंगत मोडली असती तर पोरीचं लग्न मोडलं असतं. पण त्यांच्या घरात पुडी गेली नाही. दर वेळी पितळी डबा यायचा, येसर ओतला जायचा, चार आणे फळीवर टाकले जायचे. त्यांना परवडत होतं. ‘ज्याला परवडतंय त्याचं मन भावानं बी वळत न्हाई, बाई,’ असं सुमन एका गृहपाठात म्हणाली. तिच्या आवाजात तेव्हा हसू नव्हतं. सगळं गाव एकीकडे आणि ते एक घर एकीकडे, असं तिच्या मनाने घेतलं होतं, आणि मला ते कळत होतं. त्या घराने पुडी नेली असती तर बाकी कोणाला विचारायचं कारणच उरलं नसतं.

त्या सगळ्या कॅसेटी आता नाहीत. कॅसेट महाग, म्हणून आम्ही ऐकून झाली की पुसून पुन्हा वापरायचो. सुमनचा आवाज, मागच्या बायकांचं सांगणं, सगळं माझ्याच पुढच्या धड्यांखाली गेलं. आज माझ्या शाळेत प्रत्येक तास आपोआप साठवला जातो आणि कोणी परत ऐकत नाही. ही हळहळ मनातून जात नाही.

तर एकदा मी शेठच्या दुकानात स्टुलावर बसले होते. विद्यापीठाचा निर्णय व्हायला अजून अवकाश होता, परभणीत त्या आठवड्यातही मोर्चा होता, त्यामुळे परतीची गाडी कधी येईल याचा भरवसा नव्हता. सुमन माल देऊन पायरीवर उभी होती. सरूबाई आल्या. हातात डबा नव्हता.

‘शेठ, येसर द्या. पोरीकडं नांदेडला पाठवायचाय. तिच्या सासूला पाहिजे म्हणं.’

‘देतो की. डबा?’

‘डबा कायला? पुड्याच द्या. पोरीनं सांगितलंय, पिवळी पुडी अन् तिच्यावर नाव बघून घे, दुसरा चालायचा न्हाई.’ सरूबाईंनी पुडी हातात घेऊन लांब धरली. ‘मला वाचता येत न्हाई. काय लिवलंय ते वाचा.’

शेठनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं दुकानात ‘त्यो येसर’, ‘ती पुडी’ यावर भागलं होतं. मी गुळाचा खडा चघळत होते. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती, ती थांबली.

‘सुमनबाई खिल्लारे,’ शेठ हळू म्हणाले.

‘ऐकू येईना.’

‘सुमनबाई खिल्लारे यांचा येसर. भीमनगर, बोरी.’

‘हां. त्योच.’ सरूबाईंनी पुड्या पिशवीत भरल्या, सवयीने पैसे आणि वर चार-चार आणे फळीवर ठेवले आणि वळल्या.

‘शेठ,’ पायरीवरून सुमन म्हणाली, ‘वरचे पैसे वापस द्या त्यांचे. नाव घेऊन चालल्यात.’

शेठनी नाणी पुढे सरकवली. सरूबाई थांबल्या. पाटलाच्या घरच्या बाईने चारचौघांत सूट घ्यायची, तीही हिच्या सांगण्यावरून. त्यांनी सुमनकडे रोखून पाहिलं. सुमननेही मान खाली घातली नाही.

मग सरूबाईंनी पिशवी काखेत धरली, नाणी मोजून घेतली आणि कनवटीला लावली.